पर्लवेअरचे रंगीत देव की बसाल्टचे काळे देव? पहिल्या खरेदीआधी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये, बर्स्लेम आणि हॅन्लीच्या भट्ट्यांतून, रोमन देवदेवतांच्या मातीच्या मूर्ती मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. पायाशी डॉल्फिन असलेले व्हीनस आणि नेपच्यून, वीणेसारखं लायर वाद्य घेतलेला अपोलो, भात्यातून बाण काढणारी डायना, गरुडासह ज्युपिटर. यांचा संग्रह करायचा ठरवलंत तर मुख्यतः दोन घराण्यांतून निवड करावी लागते: पर्लवेअर या निळसर पांढऱ्या मातीकामावर रंगवलेल्या मूर्ती आणि वेजवूड कारखान्याच्या काळ्या बसाल्टच्या (हा खरा दगड नव्हे, काळी भाजकी मातीच) मूर्ती. माझं मत आधीच सांगतो. सुरुवात पर्लवेअरनेच करावी. या मूर्तीचं वय तिच्या अंगावर वाचता येतं. बसाल्टमध्ये बहुतेक वेळा बनवणाऱ्याच्या ठशावर विसंबावं लागतं.

पर्लवेअरच्या झिलईत, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरात, किंचित कोबाल्ट असतो. त्यामुळे वस्त्राच्या चुण्यांत, बोटांच्या बेचक्यात, बैठकीच्या कडेला झिलई साचते तिथे निळी झाक दिसते. रंग झिलईवर लावून कमी आचेवर पुन्हा भाजलेले असतात, म्हणून ते काही ठिकाणी टवके उडून गेलेले दिसतात. हा दोष मानू नका. दोनशे वर्षांच्या मूर्तीवर रंग सगळीकडे सारखाच ताजा असेल तर मी आधी सावध होतो. (झिलईखाली गेरू, निळा, हिरवा, तपकिरी असे मोजकेच रंग दिसले, तर तो प्रॅटवेअर नावाने ओळखला जाणारा प्रकार. तोही देखणा, पण आज तो बाजूला ठेवू.)

मूर्ती उलटी करून पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. त्या काळी मातीचे थर प्लास्टरच्या साच्यात बोटांनी दाबून भाग घडवत आणि मग ते जोडत. त्यामुळे आतली भिंत कुठे जाड, कुठे पातळ लागते, क्वचित दाबल्याच्या खुणाही दिसतात. नंतरच्या नकला बहुधा पातळ चिखल साच्यात ओतून केलेल्या. त्या हलक्या, एकसारख्या पातळ असतात आणि बाहेरचा उठाव आतही उमटतो. अंगभर सारखे, मुद्दाम तपकिरी केलेले तडे दिसले तर हात आखडता घ्या.

पर्लवेअरचं दुखणं म्हणजे मोडतोड. मान, मनगटं आणि हातातली आयुधं आधी जातात. नेपच्यूनच्या मुठीत त्रिशूळ नसणं, डायनाच्या हातात धनुष्य नसणं हे इतकं नेहमीचं आहे की, ते अखंड दिसलं तर नवीन बसवलंय का, हे विचारावंच. दुरुस्तीचा रंग अतिनील दिव्याखाली बऱ्याचदा वेगळा चमकतो. मानेभोवती आणि मनगटापाशी दिवा सावकाश फिरवा. उघड दिसणारी जुनी मोडतोड परवडते. लपवलेली दुरुस्ती पूर्ण मूर्तीच्या भावात घेणं परवडत नाही.

बसाल्टची गोष्ट निराळी. कोळशाच्या खाणींतून निघणाऱ्या पाण्यातला लोहयुक्त गाळ आणि मँगनीज मातीत मिसळून जोसाया वेजवूडने 1768 च्या सुमारास ही काळीभोर, बिनझिलईची भाजकी माती सिद्ध केली. आतबाहेर एकच रंग, दगडासारखी घट्ट. झिलईचा थर नसल्याने नाकाची धार, केसांची वळणं, वस्त्राची घडी विलक्षण स्वच्छ उमटते. यांतल्या अनेक मूर्तींमागे प्राचीन संगमरवरी शिल्पांच्या प्लास्टर प्रती होत्या, आणि ते पहिल्या नजरेतच जाणवतं. रंगवलेली व्हीनस गावच्या कारागिराच्या हातची वाटते. काळी व्हीनस शिल्पकाराच्या. ज्याला आकारच प्रिय आहे, त्याने माझा सल्ला बाजूला ठेवून बसाल्ट घेतला तरी मला त्याचं मन कळेल.

अडचण एवढीच की वेजवूडच्या कारखान्याने हे काम विसाव्या शतकापर्यंत चालू ठेवलं. खडकावर बसून पायातलं पादत्राण बांधणारा मर्क्युरी जुना की नंतरचा, हे नुसत्या नजरेने सांगणं अवघड. इथे मातीत उमटवलेल्या ठशाकडे वळावं लागतं. ‘वेजवूड अँड बेंटली’ असेल तर 1769 ते 1780 ची भागीदारी, आणि किंमत तशीच चढी. तीन अक्षरांची तारीखखूण 1860 पासूनची. ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर वस्तू सहसा 1891 किंवा नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. ‘मेड इन इंग्लंड’ म्हणजे विसावं शतक. ‘वेजवूड’च्या इंग्रजी स्पेलिंगच्या मधोमध एक जास्तीचा ‘ई’ असेल तर तो माल वेजवूडचा नाहीच. उलट पर्लवेअरच्या बहुतेक मूर्तींवर ठसाच नसतो. राल्फ वूड किंवा नील या कुंभारांचा मिळाला तर भाग्य, न मिळाला तर काही बिघडत नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी पैसे खर्चण्याआधी स्टोक-ऑन-ट्रेंटला जाऊन यावं. हॅन्लीच्या पॉटरीज म्युझियममध्ये स्टॅफर्डशायरची मूर्तिकला आहे, तर जवळच्या बार्लास्टनला वेजवूडचा संग्रह. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात ग्लेशर या संग्राहकाने मागे ठेवलेला मातीकामाचा मोठा ठेवा आहे. आणि विकत घेताना विक्रेत्याकडून दुरुस्ती कुठे, किती, हे पावतीवर लिहून मागा. जो लिहून द्यायला कचरतो, त्याच्याकडचा नेपच्यून त्रिशुळासकट तिथेच ठेवा.