फाउंडेशन स्टुडिओत डिझाइनचं ज्ञान कुठे ठेवायचं? तीन रचनांची तुलना

डिझाइन शाळेच्या पहिल्या वर्षाचा, म्हणजे फाउंडेशनचा, अभ्यासक्रम नव्यानं बसवायला घेतला की चर्चा बहुतेकदा तासांच्या वाटणीवर जाते. रेखाटनाला किती, रंगाला किती, मॉडेल बनवायला किती. ही वाटणी महत्त्वाची आहेच, पण ती कशीही केली तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. विद्यार्थी हातानं काहीतरी करतो आणि त्यातून त्याला डिझाइनबद्दल काहीतरी कळतं. या दोहोंमधला सांधा अभ्यासक्रमात नेमका कुठे बसवायचा? स्वाध्यायात, प्रकल्पात, की स्टुडिओशेजारी चालणाऱ्या सिद्धान्ताच्या तासात? तुम्ही विभागप्रमुख असा किंवा पहिल्यांदाच फाउंडेशन शिकवायला घेतलेले शिक्षक, हा निर्णय आधी घ्यावा आणि तासांची वाटणी त्याच्या मागून यावी, असं मला ठामपणे वाटतं.

तिन्ही रचना तपासायला एकच साहित्य घेऊ: कागदाचा एक ताव.

स्वाध्यायात पेरलेलं ज्ञान

ही परंपरा बाउहाउस या जर्मन डिझाइन शाळेची. १९१९ मध्ये वायमारला शाळा सुरू झाली आणि योहानेस इटेन यांनी तिथला प्राथमिक अभ्यासक्रम घडवला. १९२३ मध्ये ते शाळा सोडून गेल्यावर लास्लो मोहोली-नॉज आणि योझेफ आल्बर्स यांनी तो पुढे नेला. आल्बर्स विद्यार्थ्यांच्या हातात कागद देत आणि त्यातून काहीतरी घडवायला सांगत. अवजारं कमीत कमी, डिंक शक्यतो नाही, आणि कागद वाया घालवायचा नाही.

हा स्वाध्याय आजही द्यावा असा आहे. ताव दोन टेकूंवर आडवा ठेवला की स्वतःच्याच वजनानं मधोमध झोळ खातो. त्याला समांतर घड्या घातल्या, एक वर एक खाली, की तोच ताव ताठ उभा राहतो आणि वर एखादं पुस्तक पेलतो. अजून पुस्तकं ठेवत गेलं की घड्या कडेनं पसरू लागतात, पन्हळ चपटी होते आणि सगळं खाली बसतं. डिंक लावायची मुभा असती तर विद्यार्थ्यानं कडेला एक पट्टी चिकटवून काम उरकलं असतं. ती नसल्यामुळे तो कडा आत दुमडतो, किंवा कागदाला चीर देऊन एक भाग दुसऱ्यात अडकवतो. जोड आकारातूनच काढावा लागतो. म्हणजे इथे ज्ञान मनाईत दडलेलं आहे. ब्रीफ, म्हणजे कामाची लेखी मागणी, लिहिणाऱ्यानं काय काढून घेतलं, त्यावर विद्यार्थ्याला काय सापडणार हे ठरतं.

या रचनेची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे सगळे एकाच रेषेवरून सुरुवात करतात. शाळेत चित्रकलेत पहिला येणारा आणि कधी पेन्सिल न धरलेला, दोघांनाही घडीचा कागद सारखाच परका असतो. शिवाय शिक्षक कमी आणि विद्यार्थी भरपूर असले तरी हे चालतं, कारण कागदच बराचसा शिकवतो. कोसळलेलं मॉडेल दाखवायला शिक्षकाची गरज लागत नाही.

तोटाही तितकाच खरा आहे. विद्यार्थ्यानं नेमकं काय शोधलं हे कुणी शब्दांत आणलं नाही, तर त्याच्या लक्षात फक्त आकार राहतो. पुढच्या वर्षी दिवा असो, खुर्ची असो, प्रदर्शनाची भिंत असो, सगळीकडे घड्याच घड्या दिसू लागतात. शोध शैली होऊन बसतो. १९५०च्या दशकात व्हिक्टर पासमोर, रिचर्ड हॅमिल्टन, हॅरी थुब्रन या कलाकार-शिक्षकांनी ब्रिटनमध्ये ‘बेसिक डिझाइन’चे प्रयोग केले, तेव्हा दृश्य मूलतत्त्वांच्या शोधाला खरी धार होती. असे स्वाध्याय नंतर कुठेही तसेच्या तसे पुढच्या तुकड्यांना दिले गेले की बिंदू, रेषा, प्रतल यांची सुबक पानं तयार होतात आणि प्रश्न गायब होतो.

प्रकल्पातून उगवणारं ज्ञान

इथे पहिल्याच आठवड्यात खरी अडचण हातात येते. तोच ताव, पण मागणी अशी: एक कच्चं अंडं उंचावरून पडलं तरी शाबूत राहील असं वेष्टण करा, आणि ते अनोळखी माणसाला सूचना न वाचता उघडता आलं पाहिजे. आता घडीची ताकद हा प्रश्नाचा फक्त एक तुकडा उरतो. घडी मोडली पाहिजे, कारण मोडतानाच ती धक्का पचवते. आणि कुठून उघडायचं हे कागदानं स्वतःच सांगितलं पाहिजे.

या रचनेच्या बाजूनं एक मजबूत पुरावा आहे. डिझाइनर कसा विचार करतात याचे अभ्यासक ब्रायन लॉसन यांनी १९७०च्या दशकात रंगीत ठोकळ्यांचा एक प्रयोग केला. ठोकळे मांडताना एक छुपा नियम पाळायचा होता. विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी आधी नियम शोधायला लागले. वास्तुकलेचे वरच्या वर्गातले विद्यार्थी थेट मांडण्या करून बघत गेले आणि त्या का चुकतात त्यावरून पुढे सरकले. पण वास्तुकलेत नुकतेच पाऊल ठेवणारे विद्यार्थी आणि महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरची शाळकरी मुलं यांच्यात असा फरक दिसला नाही. उत्तर मांडून प्रश्न समजून घ्यायची ही पद्धत जन्मजात मानता येत नाही, ती शिक्षणाच्या वर्षांमध्ये अंगी येते. मग पहिल्या वर्षापासूनच का नको?

अडचण माणसांची आहे. प्रकल्पाच्या रचनेत ज्ञान बहुतेक करून टेबलावरच्या चर्चेत असतं. व्यावसायिक काम करताना कसा विचार करतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडलेलं स्टुडिओचं उदाहरण डिझाइन शिकवणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. विद्यार्थिनीची शाळेची इमारत उताराच्या जागेवर बसत नाही, शिक्षक तिच्या आराखड्यावर कागद ठेवून रेखाटत बोलतो, बोलत रेखाटतो, आणि एक पाऊल टाकलं की दुसरं काय बदलतं ते तिच्यासमोर उलगडत जातं. हे शिकवणं फार मोलाचं आहे. त्याचा हिशेबही मांडून बघा: एका शिक्षकाकडे तीस विद्यार्थी, प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे एका फेरीला साडेसात तास. एवढा वेळ नसेल तर चर्चा ‘छान आहे, अजून एक्सप्लोर कर’ यावर येते आणि विद्यार्थी सरांना काय आवडतं याचा अंदाज बांधायला शिकतो. प्रकल्पप्रधान फाउंडेशन फसलेलं मी पाहिलं आहे ते असंच. ब्रीफ उत्तम होते, बोलायला कुणाला उसंत नव्हती.

शेजारच्या तासात दिलेलं ज्ञान

जर्मनीतल्या उल्म शहरातल्या डिझाइन शाळेनं (१९५३ ते १९६८) या बाजूला मोठी झेप घेतली. पहिले प्रमुख माक्स बिल स्वतः बाउहाउसचे विद्यार्थी होते. पण टोमास माल्डोनाडो आणि इतरांनी गणित, चिन्हशास्त्र (चिन्हांतून अर्थ कसा पोचतो याचा अभ्यास), एर्गोनॉमिक्स (वस्तू माणसाच्या शरीराला सोयीची करण्याचं शास्त्र) यांना अभ्यासक्रमात मानाची जागा दिली. डिझाइनरला आपला निर्णय केवळ ‘दिसायला बरं वाटतं’ याच्या पलीकडे जाऊन समजावता आला पाहिजे, हा आग्रह मला आजही पटतो.

आपला ताव इथे आकड्यांत येतो. तोच कागद, पण घड्यांची उंची दुप्पट केली तर वाकायला तो साधारण चौपट विरोध करतो. हे विद्यार्थ्याला आपणहून सापडणं कठीण आहे. सांगितलं तर मात्र पुढच्या वेळी तो अंदाजानं घड्या घालत बसणार नाही.

फक्त हे कधी सांगायचं? व्याख्यान सोमवारी आणि कागद तीन आठवड्यांनी, अशी आखणी असेल तर दोन्ही वाया जातात. कागद दोन-तीनदा कोसळून झाल्यावर, पुढचा प्रयत्न करायच्या आधी, तो तास यायला हवा. वेळापत्रक करणाऱ्यांना हे त्रासाचं आहे, विशेषतः सिद्धान्त शिकवणारे शिक्षक दुसऱ्या विभागातून येत असतील तर. पण एवढं जमणार नसेल तर ही रचना निवडू नये.

मग निवडायचं काय

माझी शिफारस अशी: कणा पहिल्या रचनेचा ठेवा आणि प्रत्येक स्वाध्यायाला दोन जोड द्या. एक, मला काय सापडलं यावर विद्यार्थ्यानं स्वतः लिहिलेलं अर्धं पान, रेखाटनासह. दोन, लगेच दुसरा छोटा ब्रीफ, ज्यात तेच तत्त्व दुसऱ्या साहित्यात चालवून बघायचं. कागदानंतर पातळ पत्रा दिला तर घडी चालते, पण घडी घालायलाच अवजार लागतं. सुती कापड दिलं तर घडी घालूनही ते लोळागोळा होतं, कारण कापड ताण सोसतं, दाब सोसत नाही. तत्त्व कुठे थांबतं हे कळलं की ते खऱ्या अर्थानं कळतं, आणि घड्यांची शैली व्हायची भीतीही बरीच कमी होते.

अनुभवी शिक्षक भरपूर असतील आणि एका शिक्षकामागे दहा-बारा विद्यार्थीच असतील, तर मात्र बेलाशक प्रकल्पांकडे जा. विद्यापीठात असाल आणि गणित-मानसशास्त्राचे शिक्षक स्टुडिओत येऊन बसायला तयार असतील, तर तिसरी रचना तुमच्यासाठी आहे. सगळ्या शाखांना एकच फाउंडेशन ठेवायचं की नाही, हाही प्रश्न इथेच येतो. उल्मनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सामाईक वर्ष सोडून प्रत्येक विभागाचं वेगळं केलं. शाखा वर्षाअखेरीस निवडायची असेल तर सामाईक ठेवणंच न्याय्य आहे. विद्यार्थी शाखा ठरवूनच आले असतील तर वेगळं करायला हरकत नाही.

ज्यूरीचं, म्हणजे शेवटी काम मांडून होणाऱ्या मूल्यमापनाचं, एक मात्र तिन्हींना लागू आहे. गुण फक्त शेवटच्या देखण्या मॉडेलला दिलेत, तर विद्यार्थी तेवढंच शिकतील. कोसळलेली मॉडेलं शेजारी मांडायला लावा, आणि प्रत्येक का कोसळलं या उत्तराला गुण ठेवा.

अभ्यासक्रम मंजुरीला पाठवण्याआधी त्यातला एखादा ब्रीफ बैठकीत नसलेल्या शिक्षकाला वाचायला द्या. हा स्वाध्याय संपल्यावर विद्यार्थ्याला काय कळलेलं असेल, ते त्यांना सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर ते ज्ञान अजून ब्रीफ लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आहे. तो ब्रीफ पुन्हा लिहायला घ्या.