पाच नंबरचा लोखंडी रंधा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

चार बाय दोन फुटांचा, फळ्या जोडून केलेला सागवानी टॉप (पॅनेल) सपाट करायला हा एक रंधा पुरतो, पण पाती दोन ठेवा. तळ 14 इंच, पाते 2 इंच. एका पात्याची धार किंचित गोल, जाड काढायला. दुसरे सरळ, फक्त कोपरे मारलेले, सफाईला.

डब्यातून काढला तसा चालला नाही. चिपब्रेकर, म्हणजे पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी, पात्यावर नीट टेकत नव्हता, फटीत छिलके अडकून रंध्याचे तोंड चोंदायचे. त्याची कड दगडावर घासल्यावर ते थांबले. जाड कामाला तो धारेपासून दीड मिमी मागे, सफाईला अर्ध्या मिमीच्या आत. मग लाकडाच्या उलट्या रेषेवरच्या खपल्याही कमी उठतात.

फेव्हिकॉलचे वाळलेले ओघळ आधी खरवडून काढा, नाहीतर धारेचे तुकडे पडतात. आणि घाई नको. जोडाजवळचे लाकूड गोंदातल्या पाण्याने फुगलेले असते. लगेच रंधा मारला तर वाळल्यावर तिथे चर दिसते. एक दिवस तरी थांबा.

दोन टोकांना सारख्या उंचीच्या पट्ट्या ठेवून पीळ बघा. पॅनेल डुलत असेल तर वर राहणाऱ्या कोपऱ्याखाली पाचर द्या. ओरखडे नकोत म्हणून खाली चादर घालण्याचा मोह सोलापुरात होणारच, पण दाबाने पॅनेल वाकते आणि उचलल्यावर पुन्हा उसळते. पहिला हात आडवा मारा, त्याआधी पलीकडच्या काठाला उतार द्या, नाहीतर काठ फुटतो. मग दोन्ही तिरक्या दिशांनी, शेवटी रेषेबरोबर. आधी वर पेन्सिलने खुणा करून त्या कुठे उरतात ते बघत राहा.

सागात सिलिका असते, धार लवकर बोथट होते. रंधा जड वाटू लागला की जोर लावू नका, पाते दगडावर घ्या. तळाला मेण चोळल्याने हाताला पडणारा फरक फार मोठा आहे.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अर्धवट पॅनेल जमिनीवर आडवे ठेवू नका. वरची बाजू आधी सुकून आकसते, काठ वर उचलले जातात आणि सकाळी पुन्हा तेच काम. भिंतीला उभे टेकवा, दोन्ही बाजूंना वारा लागू द्या.

काठ जोडायला मात्र हा तोकडा. चार फुटी फळीवर तो खोलगट भागात उतरतो आणि जोडाच्या मध्यात फट राहते. तिथे 22 इंची सात नंबरच लागतो.