मानेच्या गादीचा त्रास: शस्त्रक्रिया करावी की थांबावे?

‘मणक्यात गॅप आला आहे’ किंवा ‘गादी (दोन मणक्यांमधली मऊ चकती) सरकून नस दबली आहे’ असे निदान ऐकून जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाला घरचे, शेजारचे आणि पाहुणे असे सगळेच सल्ला देतात, आणि त्यातला निम्मा शस्त्रक्रियेच्या बाजूचा, तर निम्मा तिच्या भीतीचा असतो. माझ्या मते यात वेदना किती आहे या प्रश्नाला आपण गरजेपेक्षा जास्त वजन देतो. दाब नेमका कशावर आहे आणि त्यामुळे हातापायांची कोणती ताकद कमी झाली आहे, यावर निर्णय अवलंबून असायला हवा.

दुखणे फक्त मानेत आणि खांद्यांच्या मध्ये असेल, हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा नसेल, तर शस्त्रक्रियेची बाजू दुबळी ठरते. याचे कारण असे की झिजलेली गादी हेच दुखण्याचे मूळ आहे, हे एमआरआयवरून सहसा सिद्ध होत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानेची कसलीही तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा चाळिशीपुढील जवळजवळ ६० टक्के जणांत किमान एक गादी झिजलेली आढळली. त्यामुळे अहवालातील ‘बल्ज’ (फुगवटा) आणि ‘डीजनरेशन’ (झीज) हे शब्द वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. सोनाराच्या किंवा शिलाईच्या कामात दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्यांनी बैठक बदलणे, मधून मधून उठणे आणि फिजिओथेरपिस्टकडून मानेचे व खांद्याचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून ते काही महिने चिकाटीने करणे, हाच येथे खरा उपचार आहे. मानेचा पट्टा मात्र थोडे दिवसच वापरावा. तो महिनोन्‌महिने लावल्यास स्नायू आणखी दुबळे होतात.

कळ मानेतून निघून दंडात आणि बोटांपर्यंत जात असेल, तर मणक्यातून बाहेर पडणारी नस दबलेली असण्याची शक्यता मोठी असते. बहुधा पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यांमधील गादी याला कारण असते. पहिल्यात अंगठ्याकडे, तर दुसऱ्यात मधल्या बोटाकडे मुंग्या जाणवतात. हे दुखणे झोपू देत नाही, तरीही बहुतेक रुग्णांचे ते शस्त्रक्रियेविना सहा ते बारा आठवड्यांत बरेच ओसरते, कारण बाहेर आलेला गादीचा भाग अनेकदा आपोआप आक्रसतो आणि नसेची सूज उतरते. शस्त्रक्रियेने हाताची कळ लवकर थांबते, हे तिचे मोठे बळ आहे; पण एक-दोन वर्षांनी शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांतील फरक कमी होत जातो, असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणून कापूस वेचणीच्या किंवा केळी कापणीच्या हंगामात मजुरी बुडवायची की थोडी कळ सोसायची, असा हिशेब या प्रकारात करता येतो, मात्र डोक्यावरचा भारा आणि खांद्यावरचा घड तोवर बंद ठेवावा लागतो. सहा आठवडे नीट उपचार करूनही कळ असह्य राहिली, किंवा मनगट वा कोपर सरळ करण्याची ताकद घटत चालली, तर शस्त्रक्रियेकडे झुकावे. ताकद झपाट्याने जात असेल तर सहा आठवडेही थांबू नये.

तिसऱ्या प्रकारात मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून मणक्यांच्या आतून खाली जाणारा मुख्य दोर, दबतो, आणि येथे वाट पाहण्याच्या बाजूने फारसे काही उरत नाही. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, अक्षर बिघडणे, चालताना तोल जाणे, पाय ताठ वाटणे, मान वाकवताच पाठीतून विजेसारखी चमक जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही त्याची लक्षणे आहेत. यात वेदना अगदी कमी असू शकते, आणि म्हणूनच घरचे लोक ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच रुग्णांची. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू येथे बिघाड थांबवणे हा असतो, गेलेली ताकद परत येईलच असे नाही, आणि उशीर जितका जास्त तितकी ती येण्याची आशा कमी. अशा माणसाने मालिश करणाऱ्याकडून मान झटक्याने मोडून घेऊ नये. त्यातून कायमचे अपंगत्व येऊ शकते. मानदुखीसोबत ताप, वजन घटणे किंवा रात्री वाढणारे दुखणे असेल, तर मणक्याच्या क्षयाचीही तपासणी करून घ्यावी.

मानेच्या पुढच्या बाजूने गादी काढून दोन मणके जोडणे ही नेहमीची शस्त्रक्रिया आहे, आणि निवडक रुग्णांत जोडण्याऐवजी कृत्रिम गादी बसवतात. रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी चालतो, पण हाडे जुळून यायला काही महिने लागतात आणि जड काम तोवर टाळावे लागते. गिळताना त्रास आणि आवाज बसणे हे परिणाम बहुतेकांत तात्पुरते असतात. क्वचित संसर्ग, नसेला इजा किंवा हाडे न जुळणे घडते, आणि पुढील वर्षांत शेजारची गादी झिजू शकते. बिडी-सिगारेटने हाड जुळण्यात अडथळा येतो आणि तंबाखूतील निकोटिनही त्याला मारक आहे, त्यामुळे मळून खाण्याची सवयसुद्धा आधी सोडावी लागते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया आणि ते रुग्णालय बसते का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाला, आधी विचारावे. मज्जारज्जू दबलेला नसेल तर दुसरे मत घ्यायला वेळ असतो. धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अथवा नंदुरबारकरांना सोयीच्या सुरतेला जाताना एमआरआयच्या छापील अहवालासोबत फिल्म किंवा सीडीही न्यावी, कारण दाब किती आहे हे शल्यचिकित्सक चित्र पाहून आणि हातापायांची तपासणी करून ठरवतो.