रिअल आयडी की पासपोर्ट? अमेरिकेतल्या अमेरिकेत उडताना काय जवळ ठेवावं

७ मे २०२५ पासून अमेरिकेत देशांतर्गत विमानासाठी साधं ड्रायव्हिंग लायसन्स पुरत नाही. वरच्या कोपऱ्यात तारा असलेलं रिअल आयडी लायसन्स, म्हणजे केंद्र सरकारच्या निकषांप्रमाणे राज्यानं दिलेलं लायसन्स, लागतं. कॅलिफोर्नियात हा तारा सोनेरी अस्वलाच्या अंगावर दिसतो. मात्र टीएसएच्या (विमानतळावर सुरक्षा तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) यादीत भारतीय पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी (काम करायच्या परवान्याचं कार्ड), ग्लोबल एंट्रीचं (अमेरिकेत येताना झटपट प्रवेशाच्या योजनेचं) कार्ड हेही आहेत. त्यामुळे तारा नाही म्हणून कुणाचा प्रवास अडत नाही. निवड करायची ती आपल्या व्हिसा-नागरिकत्वाच्या स्टेटसप्रमाणे.

खरा विचार करायला हवा तो एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या जोडीदाराचा, मुलांचा व्हिसा) वाल्यांनी. पासपोर्ट दाखवून जाता येतं, वेगळा खर्च नाही, डीएमव्हीची (लायसन्स देणाऱ्या राज्याच्या कचेरीची) फेरी नाही. पण तो सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये किंवा टॅक्सीत राहिला, तर नवा पासपोर्ट वकिलातीतून मिळेल, आतला व्हिसा मिळणार नाही. इथलं राहणं बेकायदा ठरत नाही, पण पुढच्या भारतवारीत पुन्हा स्टँपिंग (पासपोर्टात नवा व्हिसा लावून घेणं) आलं, आणि अपॉइंटमेंटसाठी लोकांच्या सुट्ट्या कशा वाया जातात ते आपण पाहतोच. शिकागो-डॅलससारख्या फेरीसाठी एवढी जोखीम मला पटत नाही. वरचेवर उडणाऱ्यांनी रिअल आयडी काढावंच.

फक्त वेळ साधा. या लायसन्सची मुदत तुमच्या आय-९४ च्या (इथे कधीपर्यंत राहता येईल ते सांगणाऱ्या सरकारी नोंदीच्या) तारखेला बांधलेली असते. ती तारीख तीन-चार महिन्यांवर असेल, तर आत्ता काढलेलं कार्डही तेवढंच टिकेल. अशा वेळी एक्स्टेन्शनचं आय-७९७ (मुदतवाढ मंजूर झाल्याचं सरकारी पत्र) हातात येईपर्यंत थांबा, तोवर पासपोर्ट वापरा.

काउंटरवर आपली माणसं अडकतात ती नावात आणि पत्त्यात. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर सासरचं, असं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. तो मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. पत्त्याचे दोन पुरावे लागतात, आणि घराचं लीज, विजेचं बिल सगळं नवऱ्याच्या नावावर असतं. बायकोचं नाव लीजवर आणि जॉइंट खात्याच्या स्टेटमेंटवर घालून घ्या. हे काम महिनाभर आधी केलेलं बरं. एच-४ वर एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसेल, तर आपल्या राज्याच्या संकेतस्थळावर त्यासाठी काय सांगितलंय ते वाचूनच निघा. कार्ड टपालानं येईपर्यंत मिळणारं कागदी लायसन्स टीएसए ओळखपत्र म्हणून धरत नाही, म्हणून तिकिटाच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका.

ग्रीन कार्डवाल्यांना घाई नाही. अठरा वर्षांवरच्यांनी ते कायद्यानं जवळ बाळगायचंच असतं, आणि विमानतळावर तेच चालतं. पुढच्या नूतनीकरणात तारा घेतला तरी पुरे.

नागरिक झालेल्यांनी पासपोर्ट कार्डाचा विचार करावा. प्रौढांना पहिल्यांदा ६५ डॉलर पडतात, दहा वर्षं चालतं, पाकिटात मावतं आणि मोठा पासपोर्ट घरी सुरक्षित राहतो. परदेशी विमानाला मात्र ते चालत नाही. रिअल आयडीही तिथे चालत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) टीएसएच्या यादीत नाही.

भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी पर्यायच नको: पासपोर्ट. आधार कार्ड इथे चालत नाही, हे त्यांना निघण्याआधी सांगा, कारण मुंबई-नागपूर विमानात ते चालतं आणि सवयीनं तेच पर्समध्ये राहतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबत देशांतर्गत प्रवासात ओळखपत्र लागत नाही.

यातलं काहीच जवळ नसेल, तर १ फेब्रुवारी २०२६ पासून टीएसए ४५ डॉलर घेऊन दुसऱ्या मार्गानं ओळख पटवून पाहते. त्यात वेळ जातो आणि ओळख पटेलच याची हमी नाही. शिवाय ते पैसे फक्त दहा दिवसांच्या प्रवासापुरते.