व्हायोलिनच्या गट (आतड्याच्या) स्ट्रिंग्सचा सेट: आवाज लाखात एक, पण पावसाळ्यात मागवू नका

जूनच्या शेवटी मागवला होता, आता गणपती आले, म्हणजे दोन महिने वाजवून लिहितेय. आमचा दादरला चौघांचा ग्रुप आहे, दोन व्हायोलिन, एक चेलो, एक कीबोर्ड. रविवारी सकाळी कोरेल्ली या जुन्या इटालियन संगीतकाराचे ट्रायो सोनाटा (दोन व्हायोलिन आणि खालच्या सुरांची साथ अशा रचना) वाजवतो, आणि कोणीतरी टूम काढली की हे 1681 ते 1694 मध्ये छापलेलं म्युझिक आहे तर तेव्हाच्या पद्धतीनेच वाजवून बघू. खरं बरोक (त्या काळच्या पद्धतीचं) व्हायोलिन घ्यायची ऐपत नाही, मग निदान तारा तरी! (तसंही स्टीलची ई, म्हणजे सगळ्यात वरच्या सुराची तार, रुळली ती पहिल्या महायुद्धाच्या आसपास, त्याआधी मेंढीच्या आतड्याचीच असायची.)

सेटमध्ये ई, ए, डी साध्या आतड्याच्या आणि सगळ्यात खालच्या 'जी' तारेवर चांदीची तार गुंडाळलेली. आवाजाला पैकीच्या पैकी. स्टीलवर सूर लगेच सुटतो, इथे आधी बारीकशी खरखर येते आणि मग सूर उघडतो. बो (गज) दाबला की घसा बसल्यासारखा आवाज, म्हणून हात हलका ठेवावाच लागतो, आणि तो ठेवला की कोरेल्लीच्या जिगा (नाचाच्या चालीचे भाग) आपोआप नाचायला लागतात. सर तीन वर्षं "हलकं वाजव" म्हणून ओरडतायत ते या तारांनी आठवड्यात शिकवलं. संथ भागात दोन व्हायोलिन शेजारशेजारच्या सुरांवर घासत खाली उतरतात ना, तिथे तर अंगावर काटा येतो.

आता कटकटी. ए हा सूर 440 ऐवजी 415 हर्ट्झला लावायचा, म्हणजे अर्धा सूर खाली, ताण अकराएक टक्के कमी होतो. मी शहाणपणा करून 440 ला ओढायला गेले आणि पहिली ई तिथेच तुटली. हार्प्सिकॉर्ड (त्या काळचं पियानोसारखं वाद्य) कुठून आणणार, कीबोर्डवर तो आवाज लावून ट्रान्सपोज एक खाली केलं की 415 मिळतं. फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचा स्क्रू) काढून टाका, त्याने तार कापली जाते. या तारा जाड असतात, त्यामुळे ब्रिज आणि नटवरच्या (तारा ज्यांवर टेकतात त्या दोन पट्ट्यांवरच्या) खाचा थोड्या रुंद करून घ्याव्या लागतात आणि त्यात पेन्सिल घासायची. दुकानात विचारलं तर "काही नाही, बसतील" म्हणाले. नाही बसल्या. तारेवर केसासारखे बारीक तंतू सुटतात ते नेलकटरने कापा, ओढू नका.

आणि आपली मुंबईची हवा! तार ओल पिते आणि सूर हलतो, एसी लावून ट्यून केलं आणि कोणी दार उघडलं की परत पहिल्यापासून. व्हायोलिनच्या केसमध्ये (पेटीत) सिलिका जेल ठेवलंय, थोडा फरक पडतो. व्हायोलिन दुरुस्त करणारे काका हसले, म्हणाले अगं पोरी, सारंगीच्या मुख्य तीन तारा तांतीच्याच (आतड्याच्याच) असतात, ते लोक वर्षानुवर्षं हेच सोसतायत.

आईने श्रावणात विचारलं तार कशाची, मी खरं सांगून बसले, व्हायोलिनची केस देवघराच्या खोलीतून हॉलमध्ये आली. तबल्यालाही चामडंच असतं म्हटलं, तर म्हणे तबला कुठे ठेवलाय मी देवाजवळ.

पाचपैकी चार. जी आणि डी अजून ठणठणीत आहेत, ई दोनदा बदलली, म्हणून घेणार असाल तर सोबत दोन जादा ई मागवा आणि दिवाळी होऊन गेल्यावरच मागवा.