48 तासांचं कुलूप : ऑलिंपियाडच्या ऑनलाइन गणितगटाचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या शनिवारी रात्री पावणेदहाला लेक मोबाइल उपडा धरून स्वयंपाकघरात आली. "आई, पुन्हा दिसलं गं." डोळ्यांत पाणी होतं. भूमितीचं गणित नऊला उघडलं होतं. पाऊण तास ती पाठकोऱ्या कागदांवर आकृत्या काढत बसली होती आणि तेवढ्यात कुणीतरी पाठवलेल्या उत्तराची पहिली ओळ मोबाइलच्या वरच्या पट्टीत झळकून गेली : "शिरोलंबसंपाताचं बाजूच्या मध्यबिंदूतून प्रतिबिंब घेऊ." ज्यांच्या घरात असलं मूल आहे त्यांना कळेल काय गेलं ते. त्या गणितात तेवढी एकच गोष्ट सुचायची होती. पुढचं सगळं नुसतं लिहून काढायचं काम.

म्हणून आज हे लिहायला बसले. गटाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे. ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांना ओळख पटेलच.

आम्ही 2024 च्या दिवाळीनंतर, नोव्हेंबरात तिचं नाव घातलं. तेव्हा ती आठवीत होती, सेमी इंग्रजी. त्या जुलैत इंग्लंडमधल्या बाथला, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये, भारताचा संघ चार सुवर्णपदकं घेऊन चौथा आला होता. ती बातमी तिने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. आम्ही टिळकनगरला राहतो. हार्बरवर तीन स्टेशनं पुढे मानखुर्द, आणि तिथेच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, म्हणजे देशभरच्या ऑलिंपियाडचं घर. पण केंद्र जवळ असलं म्हणून शिकवणारं कुणी जवळ मिळतं असं नाही. एका क्लासने वर्षाचे पाऊण लाख सांगितले, वर अंधेरीपर्यंतचा प्रवास. या गटाचे सहा महिन्यांचे 3,000. आठवड्याला चार गणितं, शनिवारी रात्री नऊला उघडणार, आणि रविवारी रात्री नऊ ते अकरा सरांचा तास. त्या तासात आदल्या आठवड्याची गणितं. मी हिशेब केला : 26 आठवडे, 104 गणितं, एका गणिताला जवळपास 29 रुपये. हा आकडा पुढे लागणार आहे.

पैसे भरताना मला सगळ्यात कमी महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांचं कुलूप. गणित उघडल्यापासून 48 तास कुणालाही दुसऱ्या कुणाचं उत्तर दिसत नसे. तुम्ही तुमचं पाठवा, दुसऱ्याचं झाकलेलं. सोमवारी रात्री नऊला सगळ्यांचं एकदम उघडणार. मला वाटलं, परीक्षेसारखी कॉपी होऊ नये म्हणून असेल. त्याचं खरं मोल मला डिसेंबरात कळलं.

गणित असं होतं : 1 ते 100 मधल्या कोणत्याही 51 संख्या निवडा. त्यांत अशा दोन संख्या सापडतीलच की एक दुसरीला निःशेष भागते. हे सिद्ध करा.

शनिवारी रात्री तिने सरळ आकडे मांडायला घेतले. रविवारी सकाळी मला म्हणाली, आई, 51 ते 100 घेतल्या तर 50 होतात आणि एकही दुसरीला भागत नाही, म्हणजे 50 ला हे खोटं आहे आणि 51 ला खरं, असं का? मी अकाउंट्सची बाई, मला काय सांगता येणार. दुपारी तिने 100 सोडून 10 घेतले. 1 ते 10 मधल्या सहा. त्या सहाच्या वेगवेगळ्या जोड्या जमवताना ती सारखी 3 आणि 6, 5 आणि 10, 1-2-4-8 असे गठ्ठे करत होती, आणि तिला स्वतःलाच कळत नव्हतं की गणित सुटत आलंय. सोमवारी शाळेतून येताना बसमध्ये सुचलं. प्रत्येक संख्येला 2 ने भाग जाईल तितका द्यायचा, शेवटी विषम संख्या उरते. 100 पर्यंत विषम संख्या 50 च. संख्या 51 निवडल्या, तेव्हा दोघींची उरलेली विषम संख्या एकच असणार. मग त्या दोघींत फरक फक्त दोनाच्या घाताचा, म्हणून लहान मोठीला भागणार. याला पिजनहोलचं, म्हणजे कबुतरांच्या खणांचं तत्त्व म्हणतात : खण 50 आणि कबुतरं 51, तर एका खणात दोन येणारच. आमच्याकडे त्या दिवसापासून त्याचं नाव दादरचा कबुतरखाना.

घरात शिरल्या शिरल्या दप्तरही न काढता तिने ते लिहून पाठवलं. सात वाजले होते, कुलूप उघडायला दोन तास बाकी. ते दोन तास ती ज्या चेहऱ्याने घरात वावरत होती तो चेहरा मी शाळेच्या कुठल्याही निकालाच्या दिवशी पाहिला नव्हता. आणि हीच ओळ तिला शनिवारी रात्री साडेनऊला आयती वाचायला मिळाली असती तर? "हो, बरोबर आहे" म्हणून ती पुढच्या गणिताकडे वळली असती. एकदा वाचलेलं उत्तर परत न वाचलेलं होत नाही.

तपासणीबद्दलही सांगते. ऑलिंपियाडच्या पुढच्या टप्प्यांवर गेलेली मोठी मुलं तपासतात, दादा-ताई म्हणतात त्यांना. गुण सातपैकी, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये असतात तसे. पहिल्याच आठवड्यात तिला सातपैकी दोन. शेरा : "उदाहरणं दिलीत, सिद्धता कुठे आहे?" शाळेत गणितात कधी 95 च्या खाली न गेलेली मुलगी. मला राग आला होता, खोटं का सांगू. उत्तर बरोबर होतं ना? आज तो राग आठवला की त्या ताईची माफी मागावीशी वाटते. पाच उदाहरणांत खरं ठरलं म्हणजे सहाव्यात ठरेलच असं नाही, हे तिला आठ वर्षांच्या शाळेने सांगितलं नव्हतं, त्या एका शेऱ्याने सांगितलं.

मग फेब्रुवारी. ॲप नवं आलं, रंग बदलले, आणि कुलूप गेलं. कुणी उत्तर पाठवलं की त्याच क्षणी सगळ्यांना दिसायचं. गटात दोन-तीन मुलं अशी वेगवान आहेत की साडेनऊपर्यंत दोन गणितं सोडवून मोकळी. त्यांचा दोष नाही, पण बाकीच्यांचा आठवडा अर्ध्या तासात संपायचा. लेक सुरुवातीला म्हणाली, मी बघणारच नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने उत्तर एका बोटावर असताना दोन दिवस बघायचं नाही, हे मी कुणाकडूनही अपेक्षिणार नाही. मार्चपर्यंत ती गणितं सोडवत नव्हती, वाचत होती. वहीत सगळं नीटनेटकं उतरलेलं, आणि महिन्याभरात स्वतःचं असं एकही नाही.

मी पत्रं लिहायला लागले. पहिल्या पत्राला उत्तर आलं की नव्या ॲपमुळे मुलांमध्ये "चर्चा वाढली आहे". दुसऱ्याला उत्तरच नाही. तिसऱ्यात मी हिशेब घातला : नऊ आठवडे, 36 गणितं, प्रत्येकी 29 प्रमाणे 1,044 रुपये, कारण तुम्ही जे विकलंत ते दिलं नाहीत. तेव्हा सरांचा फोन आला.

"मॅडम, गणितं तर सगळी दिली ना आम्ही?"

"सर, गणितं जुन्या प्रश्नपत्रिकांत फुकट मिळतात. मी पैसे दिले ते उत्तर न मिळण्याचे."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, एक महिना वाढवून देतो. मला महिना नको होता, कुलूप हवं होतं. पैसे मिळाले नाहीत, महिना मिळाला, आणि एप्रिलच्या मध्यात कुलूपही परत आलं, पण 24 तासांचं. म्हणजे रविवारी रात्री नऊला उघडणार, तास सुरू होताना. नोकरी करणाऱ्या घरात रविवार कसा जातो हे सरांना माहीत नसेल असं नाही. बसमध्ये सुचण्याचा सोमवारच त्यांनी काढून घेतला.

इथवरचं मी मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, "घेऊ नका." ते वाक्य आता काढते आहे.

कारण बिनकुलपाच्या त्या दिवसांत माझ्या नकळत एक गोष्ट घडत होती. रविवारच्या तासात सोलापूरच्या एका मुलीशी हिची ओळख झाली होती. तीही आठवीतली, तिलाही उत्तरं दिसून जायची. एप्रिलच्या सुरुवातीला दोघींनी आपापसांत ठरवलं : शनिवारी गणितं वहीत उतरवून घ्यायची, ॲप बंद करून मोबाइल मोठ्यांकडे द्यायचा, आणि एकमेकींना घरच्या फोनवरून फक्त दोनच शब्द कळवायचे, "आलं" किंवा "नाही आलं". इशारा द्यायचा नाही. मंगळवारी रात्री एकमेकींना सिद्धता वाचून दाखवायची, आणि ऐकणारीने प्रत्येक ओळीला "का?" विचारायचं. मे महिन्यात एकदा मी भाकऱ्या करता करता ऐकत होते. पलीकडून त्या मुलीने सात-आठ वेळा "पण का?" विचारलं आणि हिच्या लक्षात आलं की चौकोन चक्रीय आहे, म्हणजे त्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर आहेत, हे हिने कुठेच दाखवलेलं नाही, आकृतीत दिसतं म्हणून धरून चाललेय. एवढी बारीक तपासणी तिथल्या दादा-ताईंनीही कधी केली नव्हती. ही मुलगी आम्हाला टिळकनगरात मिळाली नसती. गटानेच दिली. हे न लिहिणं अन्यायाचं होईल.

तरी माझं म्हणणं बदललेलं नाही. दोन मुलींनी स्वतःहून कुलूप घडवलं म्हणून गटाने ते काढून टाकावं असं होत नाही. ज्यांना अशी मैत्रीण मिळाली नाही त्यांचं काय?

आता बाकीचं भराभर.

ऑलिंपियाडच्या पहिल्या टप्प्याच्या परीक्षेसाठी हा गट पुरेसा नाही. तिथे तीन तासांत 30 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सहा मिनिटं, आणि उत्तर 00 ते 99 मधली संख्या, ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल भरायचे. दहा प्रश्न 2 गुणांचे, दहा 3 चे, दहा 5 चे. चुकलं तर गुण कापत नाहीत. तिथे सिद्धता कुणी वाचत नाही. गटात मात्र पहिल्या दिवसापासून सिद्धता, जी पुढे आरएमओत, म्हणजे विभागीय टप्प्यावर, सहा गणितांना लागते. सरांचं म्हणणं, वेग आपोआप येतो. आमच्याकडे आला नाही. जूनपासून आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणतो आणि रविवारी सकाळी घड्याळ लावून बसवतो. पहिल्या वेळी ती बारा प्रश्नांपर्यंतच पोचली, कारण पाचव्या प्रश्नाची सिद्धता लिहीत बसली होती.

प्रश्न सगळे इंग्रजीत. शाळेच्या पुस्तकाचं इंग्रजी वेगळं, हे वेगळं. "विदाउट लॉस ऑफ जनरॅलिटी" म्हणजे काय (एकच बाजू धरून सिद्ध केलं तरी बाकीच्या तशाच होतात), हे तिला कुणी सांगेपर्यंत दोन आठवडे गेले. मराठी माध्यमातली मुलं असतील तर पहिला महिना कुणीतरी शेजारी बसा. गणित येत नसलं तरी चालतं, वाक्य सोडवायला मदत होते.

उत्तर लेटेकमध्ये, म्हणजे गणिती चिन्हं खुणांनी लिहायच्या पद्धतीत, टाइप करता येतं किंवा वहीचा फोटो पाठवता येतो. लेटेक शिकायला तिला तीन आठवडे लागले, डॉलरच्या खुणा उघडायच्या आणि बंद करायला विसरायची. आता हात बसलाय. फोटो काढायचा असेल तर काळ्या पेनाने लिहा आणि दिवसा खिडकीपाशी काढा. ट्यूबलाइटखाली हाताची सावली पडते आणि "वाचता येत नाही" म्हणून उत्तर परत येतं. आमचं एकदा त्यापायी एका पूर्ण बरोबर गणिताला शून्य राहिलं, ते मागून बदलून मिळालं.

रविवारचा तास नऊला सांगितलेला, सुरू होतो सव्वानऊला आणि अकराला कधीच संपत नाही. आमचं वन रूम किचन. यांची सोमवारी पहिली पाळी. इअरफोन लावूनही मुलगी बोलते तेव्हा घर जागं होतं. वेळ आठची करा म्हणून मी दोनदा सांगितलं, झालेली नाही. पण एकदा मी स्वतः तिच्या शेजारी बसून तास ऐकला. सरांनी एका आठवीतल्या मुलाची चुकलेली सिद्धता फळ्यावर घेतली आणि वीस मिनिटं तिच्यातलं काय वाचवता येईल ते शोधत राहिले. शेवटी तिसरी ओळ सोडून सगळं वाचलं. तो मुलगा हसत होता. त्या रात्री वेळेबद्दल बोलायचा मला धीर झाला नाही.

आणि शनिवारचं ते. कुलूप आतमध्ये चालू आहे, पण मोबाइलवर येणारी सूचना उत्तराची पहिली ओळ दाखवते. म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी उघडी. सध्या मी त्या ॲपच्या सूचना बंद केल्या आहेत. त्यामुळे परवा तासाची लिंक यायची तीही कळली नाही आणि अर्धा तास बुडाला. करायचं काय, तर सूचनेत फक्त "नवं उत्तर आलं आहे" एवढंच यायला हवं. मला यातलं तांत्रिक कळत नाही, पण माझ्या बँकेचं ॲप मोबाइल बंद असताना आकडा झाकून ठेवतं, तेव्हा ओळ झाकणं अशक्य नसावं.

पुढच्या सहा महिन्यांचे 3,000 भरले आहेत. तिने स्वतः सांगितलं, भर. सोलापूरची मैत्रीणही राहणार आहे. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी पहिल्या टप्प्याची परीक्षा, तोवर सगळं बाजूला. सरांना काल चौथं पत्र पाठवलं, दोनच मागण्या : सूचनेतली ओळ झाका, आणि 24 चे पुन्हा 48 करा. उत्तर आलं की याच लेखाखाली लिहीन.