भिंतीला चिकटणारा ब्रॅकेट की पुढे ओढता येणारा?

गेल्या दिवाळीत घेतलेल्या ५५ इंची टीव्हीसोबत मिळालेला सपाट, स्थिर ब्रॅकेट मी सहा महिने वापरला आणि आता त्याच्या जागी पुढे ओढता येणारा, दोन बाहूंचा ब्रॅकेट १,८५० रुपयांना आणून बसवला आहे. वजन दोघांनीही नीट पेलले. मनस्ताप झाला तो केबलमुळे, म्हणून हा अभिप्रायही मुख्यतः केबलविषयीच आहे.

स्थिर ब्रॅकेटवर टीव्ही चित्राच्या चौकटीसारखा दिसतो, यात वाद नाही. मात्र माझ्या टीव्हीचे दोन एचडीएमआय पोर्ट बाजूला उघडतात आणि तिसरा, साउंडबारसाठी लागणारा, थेट भिंतीकडे तोंड करून आहे. तिथे फट जेमतेम अडीच सेंटीमीटर, तर केबलचे टोक मुठीसकट चार सेंटीमीटर. बसवायला आलेल्या कारागिराने केबल खोचून टीव्ही भिंतीकडे दाबला, तो अडकला आणि काम झाले असे आम्ही सगळ्यांनीच मानले.

महिन्याभरात साउंडबार मधूनच मुका होऊ लागला, आणि मुलाच्या गेमिंग कन्सोलचे चित्र दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर काळे पडून परत येऊ लागले. तक्रारीनंतर आलेल्या माणसाने टीव्ही भिंतीवरून न उतरवताच, ‘साहेब, पोर्ट गेलेत, बोर्ड बदलावा लागेल,’ असे सांगितले. बोर्डाचा खर्च ऐकल्यावर शेजाऱ्यांना हाक मारून आम्ही दोघांनी टीव्ही उतरवला. साउंडबारच्या केबलची मान मुठीपाशी काटकोनात मोडली होती आणि पिन पोर्टात तिरपी बसली होती. केबल बदलताच आवाज पूर्ववत झाला.

कन्सोलचे चित्र मात्र जातच राहिले. त्याची केबल १० मीटरची आणि भिंतीतल्या पाइपमधून नेलेली, त्यामुळे ती सहज बदलण्यासारखी नव्हती. कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र फोर-के ऐवजी कमी बारकाव्याचे, १०८०पी केले, तेव्हा संपूर्ण संध्याकाळ एकदाही काळोख झाला नाही. ६० हर्ट्झच्या फोर-के चित्राला, रंगात काटछाट केली नाही तर, सेकंदाला सुमारे १८ गिगाबिट वहनक्षमता लागते आणि १०८०पीला त्याच्या पाव हिश्शात भागते. म्हणजे पोर्ट ठीक होता, तांब्याची साधी लांब केबल तेवढा भार वाहू शकत नव्हती. कन्सोल टीव्हीखाली आणून दोन मीटरच्या केबलने जोडला आणि फोर-के सुरळीत चालू लागले. पैसे मागण्यापूर्वी ही पाच मिनिटांची तपासणी त्या माणसाने करायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

मधल्या काळात काटकोनी अ‍ॅडॉप्टरही आणून पाहिला. तो दोन प्रकारांत मिळतो, एक केबलला वर वळवतो आणि दुसरा खाली, हे मला चुकीचा आणल्यावर कळले; शिवाय तो शेजारच्या यूएसबी पोर्टावर आडवा येतो.

नव्या ब्रॅकेटचा खरा फायदा इथे आहे: टीव्ही एका हाताने पुढे ओढावा, मागे वाकून पोर्टांवरची अक्षरे वाचावी आणि हवी ती केबल काढावी. एआरसी लिहिलेला, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा, पोर्ट एकच असतो आणि साउंडबारची केबल त्यातच जावी लागते, हे आता टॉर्च तोंडात न धरता पाहता येते. घेताना टीव्हीमागच्या चार भोकांमधले अंतर मोजून घ्यावे. माझ्याकडे ते ४०० बाय ३०० मिलिमीटर निघाले आणि दुकानदाराने आधी दाखवलेला ब्रॅकेट ४०० बाय २०० पर्यंतचाच होता.

उणिवा आहेत. बाहू पुढे ओढल्यावर वरच्या स्क्रूंवर ताण वाढतो. माझी भिंत विटांची असल्याने निभावले. हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत नेहमीचे प्लास्टिकचे गुल्ले वापरून मी तो बसवला नसता. केबलला अर्धा मीटर ढील ठेवला नाही, तर टीव्ही ओढताच पिन बाहेर येते. माझ्याकडून पहिल्याच दिवशी सेट-टॉप बॉक्सची आली. आणि पूर्ण आत ढकलला तरी टीव्ही भिंतीपासून सहा सेंटीमीटर दूर राहतो, त्यामुळे सोफ्याच्या डाव्या टोकाला बसणाऱ्याला मागच्या केबलचा गुंता दिसतो. पत्नीचा एवढाच आक्षेप शिल्लक आहे.